पुस्तिकेत एक, टर्मिनलवर भलतंच: गिटची कमांड बदलते आणि आपलं लिखाण मागे राहतं तेव्हा

जूनचा दुसरा आठवडा होता. फोंड्यात सकाळपासून पाऊस कोसळत होता, वीज दोनदा जाऊन आली होती. शिरोड्याहून येणारा आमचा नवा मुलगा लॅपटॉप उघडाच हातात धरून माझ्या टेबलापाशी आला. "ताई, पुस्तिकेत लिहिलंय तसंच केलं. अक्षर न् अक्षर. पण हे पुढंच जाईना."

गिट म्हणजे कोडमधले बदल जपणारं आणि सगळ्यांत वाटून घेऊ देणारं साधन. ते कसं वापरायचं हे सांगणाऱ्या आमच्या ऑफिसच्या पुस्तिकेतलं वाक्य असं होतं: "सकाळी काम सुरू करण्यापूर्वी गिट पुल करा. इतरांचे बदल तुमच्या शाखेत आपोआप मिसळतील." त्याच्या पडद्यावर काहीही मिसळलं नव्हतं. गिटनं भलीमोठी सूचना दाखवून शेवटी नकार दिला होता: शाखा (कामाच्या वेगवेगळ्या वाटा) वेगळ्या दिशांना गेल्या आहेत, त्या कशा जुळवायच्या ते आधी सांगा. शेजारच्या टेबलावर मात्र त्याच रिपॉझिटरीत (कोड आणि त्याचा इतिहास असलेल्या साठ्यात) तीच कमांड मुकाट चालली होती. त्यामुळे पोराला वाटलं, चूक आपलीच.

चूक त्याची नव्हती, पुस्तिकेची होती. पुस्तिका मी सांभाळते, म्हणून ती दुरुस्त करणं माझं काम. अशी अडचण दर वर्षी येते. कमांड दर वेळी वेगळी असते, दुखणं तेच. ज्यांच्या गळ्यात असं लिखाण सांभाळायचं काम पडलंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.)

आधी समोरच्या माणसाची अडचण सोडवा

पुस्तिका नंतर सुधारता येते, पोराचं काम अडलंय ते आधी मार्गी लावायचं. दोन्ही मशिनवर दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, गिट --व्हर्जन. त्याच्याकडे उबुंटू २२.०४ होतं (उबुंटू ही लिनक्सची एक जात; पुढे येणारे डेबियन आणि सेंटओएसही तसेच), म्हणजे गिट २.३४.१. शेजारी उबुंटू २०.०४, म्हणजे २.२५.१. दुसरी:

गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट पुल.रीबेस

ही कमांड सेटिंगची किंमत सांगते आणि ती कुठल्या फाइलमधून आली तेही सांगते. काहीच छापलं नाही, तर सेटिंग केलेलंच नाही आणि मशीन मूळ वर्तनावर चाललंय. या दोन उत्तरांतच निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ सापडतं.

त्यानंतर गिट फेच (समोरचे बदल नुसते आणणं, न मिसळता) करून गिट लॉग --ग्राफ --वनलाइन --ऑल पाहायचं. आपले कमिट (नोंदवलेले बदल) कुठले, समोरून आलेले कुठले, हे डोळ्यांनी दिसलं की मगच पर्याय निवडायचा: गिट पुल --नो-रीबेस म्हणजे मर्ज, दोन्हीकडचे बदल एका नव्या कमिटनं जोडणं, गिट पुल --रीबेस म्हणजे आपले कमिट त्यांच्या कमिटांवर पुन्हा रचणं, आणि गिट पुल --एफएफ-ओन्ली म्हणजे सरळ पुढे सरकता आलं तरच सरक, नाहीतर थांब.

गिटच्या सूचनेत तीन सेटिंगच्या ओळी दिलेल्या असतात. मुलं त्यातली पहिली ओळ कॉपी करून चिकटवतात, कारण ती पहिली असते. ती मर्जची असते. आपल्या टीमची पद्धत रीबेसची असेल, तर त्या दिवशी अडचण सुटल्यासारखी वाटते आणि पुढे कित्येक महिने इतिहासात विनाकारण मर्ज कमिट पडत राहतात. म्हणून कुठल्या ओळीला हात लावायचा हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. आमच्यात ते लिहिलेलं नव्हतं, कारण मूळ वाक्य लिहिलं तेव्हा ही सूचनाच अस्तित्वात नव्हती.

पुल टप्प्याटप्प्यानं कशी बदलली

लिखाण कसं शिळं होतं हे कळायला गिट पुल हे फार बोलकं उदाहरण आहे, म्हणून त्यावर थोडी थांबते.

२.२६ पर्यंत सेटिंग नसेल तर गिट पुल शाखा मुकाट मर्ज करायची. जून २०२० मध्ये २.२७ आलं आणि ती इशारा देऊ लागली, पण मर्ज करायचीच. तो इशारा शाखा फुटलेल्या (दोन्हीकडे वेगवेगळे नवे कमिट पडलेल्या) नसल्या तरी यायचा, त्यामुळे लोक त्याला सरावले आणि वाचेनासे झाले. मार्च २०२१ च्या २.३१ मध्ये तो खरोखर शाखा फुटल्या असतील तेव्हापुरताच ठेवला. ऑगस्ट २०२१ च्या २.३३ पासून मात्र शाखा फुटल्या असतील आणि कसं जुळवायचं ते सांगितलेलं नसेल, तर गिट पुल थांबते, काहीच करत नाही.

आता आमचं ऑफिस बघा. उबुंटू २०.०४ वर २.२५.१, तिथे मुकाट मर्ज. डेबियन ११ वर २.३०.२, तिथे इशारा देऊन मर्ज. उबुंटू २२.०४ वर २.३४.१, तिथे नकार. एकाच खोलीत तीन टेबलं आणि तीन वागणुकी. आमचं वाक्य यांतल्या फक्त पहिल्या टेबलावर खरं होतं. ते २०१८ साली लिहिलं तेव्हा सगळ्या टेबलांवर खरं होतं. वाक्यातली काना-मात्रा बदलली नाही, बाहेरचं जग बदललं. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरात या वर्षीची एकादशी शोधावी, तशी आमची अवस्था झाली.

मी बदल वाचले नव्हते असं नाही. २.२७ चा इशारा मी स्वतः पाहिला होता. "नुसता इशाराच तर आहे, काम होतंय" म्हणून पुस्तिकेला हात लावला नाही. तिथे माझं चुकलं. गिटमध्ये मोठा बदल सहसा असाच येतो: आधी इशारा, मग काही आवृत्त्यांनंतर खरा बदल. पहिला इशारा दिसला त्याच दिवशी पुस्तिकेतलं वाक्य तपासायला घेतलं असतं, तर हाताशी सव्वा वर्ष होतं.

आवृत्तीचा आकडा तोच, वागणूक वेगळी

मला पूर्वी वाटायचं, प्रत्येक वाक्यापुढे आवृत्तीचा आकडा लिहिला की झालं. एप्रिल २०२२ मध्ये कळलं की तेवढ्यानं भागत नाही.

आमच्याकडे देवस्थानांच्या पावत्यांचं आणि पतसंस्थांच्या हिशेबांचं सॉफ्टवेअर बनतं. एका सर्व्हरवर रात्री एक स्क्रिप्ट चालते, ती गिटमधून नवा कोड ओढून घेते. एके सकाळी स्क्रिप्ट बंद पडलेली. संदेशाचा अर्थ असा: ही रिपॉझिटरी असुरक्षित आहे, तिचा मालक दुसराच कोणी आहे. मी आधी आवृत्ती पाहिली. २.२५.१, आदल्या दिवशी होती तीच. मग दोन तास परवानग्या, डिस्क, नेटवर्क असं जे जे सुचेल ते तपासत बसले.

खरं कारण असं होतं. १२ एप्रिल २०२२ रोजी गिट २.३५.२ आलं, सुरक्षेच्या दुरुस्तीसह. अनेकांच्या वापरातल्या मशिनवर दुसऱ्या कोणी वरच्या फोल्डरमध्ये स्वतःची गिट रिपॉझिटरी करून ठेवली, तर तुमचा गिट तिच्यातलं कॉन्फिग वाचायचा आणि त्या कॉन्फिगमधून परक्याची कमांड तुमच्या नावानं चालू शकायची. म्हणून नवा नियम झाला: रिपॉझिटरीचा मालक तुम्ही नसाल तर गिट नकार देणार, जोवर सेफ.डिरेक्टरी या सेटिंगमध्ये तो फोल्डर नोंदलेला नाही. उबुंटूनं हीच दुरुस्ती आपल्या जुन्या आवृत्तीतही घातली. गिट --व्हर्जन विचारलं की उत्तर पूर्वीचंच, २.२५.१. बदल फक्त पॅकेजच्या लांबलचक क्रमांकाच्या शेपटीत दिसत होता.

यावरचा उपाय फोल्डरचा मालक बदलून योग्य करणं, किंवा तेवढा एकच फोल्डर सेफ.डिरेक्टरीत नोंदवणं. तारांकन टाकून सगळेच फोल्डर सुरक्षित ठरवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो आमच्या पुस्तिकेत मी येऊ दिलेला नाही आणि तुम्हीही देऊ नका. ज्या दारासाठी कुलूप आणलं, तेच दार उघडं टाकण्यासारखं आहे ते.

लिखाणाच्या बाबतीत हाती लागलं ते हे: "२.२५.१ वर असं होतं" हे वाक्यसुद्धा तारखेशिवाय अपुरं आहे. कमांड चालवून पाहिली ती कधी, कुठल्या मशिनवर, हे सोबत असावं लागतं.

उलटाही प्रकार घडतो: लिखाण पुढे, कमांड मागे

लिखाण शिळं झालं की अडचण होते हे सगळ्यांना पटतं. आमचं सगळ्यात मोठं नुकसान मात्र ताज्या लिखाणानं केलं.

मे २०१४ मध्ये गिट २.० आलं आणि गिट पुशचं (आपले कमिट केंद्रातल्या, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक, रिपॉझिटरीकडे पाठवण्याचं) मूळ वर्तन बदललं. त्यापूर्वी नुसतं गिट पुश केलं, की इथल्या आणि तिथल्या सारख्या नावाच्या सगळ्या शाखा पाठवल्या जायच्या. याला मॅचिंग म्हणत. २.० पासून फक्त चालू शाखा जाते, याला सिंपल म्हणतात. आमच्या पुस्तिकेत अर्थातच नवं वर्तन होतं: "गिट पुश केल्यावर तुम्ही ज्या शाखेवर आहात तेवढीच जाते."

एका ग्राहकाच्या जागेवर सेंटओएस ७ चा जुना सर्व्हर होता. सेंटओएस ७ सोबत येणारा गिट १.८.३.१, म्हणजे २.० च्या आधीचा. आमच्यातल्या एकानं तिथे बसून एक छोटी दुरुस्ती केली, कमिट सुधारला आणि पुस्तिकेवर विश्वास ठेवून गिट पुश --फोर्स (तिथलं बाजूला सारून इथलं बसवा) केलं. त्या सर्व्हरवर आणखी चार शाखांच्या कित्येक महिन्यांपूर्वीच्या प्रती पडून होत्या. पुशमध्ये त्याही गेल्या आणि केंद्रातल्या चारही शाखा मागे ढकलल्या गेल्या. पडद्यावर लांबलचक इशारा आला होता की हे वर्तन २.० मध्ये बदलणार आहे. पण पुस्तिकेत तर स्पष्ट लिहिलेलं होतं, मग तो इशारा तो कशाला वाचेल?

आमच्या केंद्रातली रिपॉझिटरी बेअर होती, म्हणजे कामाच्या फाइली नसलेली, नुसत्या इतिहासाची. बेअर रिपॉझिटरीत रेफलॉग (शाखा आधी कुठे होती याची नोंद) मुळात बंद असतो, त्यामुळे तिथे मागोवा घ्यायला काही नव्हतं. शाखा वाचल्या त्या इतरांच्या लॅपटॉपवर नवे कमिट होते म्हणून. त्या संध्याकाळी एकेकाला फोन केला: "काही पुल करू नका, फेच करू नका, लॅपटॉप तसाच ऑफिसात आणा." उसगाव, म्हार्दोळ, सावईवेरे, जो जिथे पोचला होता तिथून परत आला. रात्री साडेनऊपर्यंत चारही शाखा पूर्ववत झाल्या.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की आपलं लिखाण नव्या आवृत्तीशी जुळवत राहिले तरी ते पुरेसं नाही. ते जुळवायला हवं ते आपल्या माणसांच्या हाताखाली प्रत्यक्ष असलेल्या मशिनांशी.

कुठली वाक्यं कुजतात

पुस्तिका पहिल्या पानापासून पुन्हा वाचली, हातात पेन्सिल घेऊन. तीन प्रकारची वाक्यं सापडली. एक, का करायचं: "दुसऱ्याचं काम पुसलं जाऊ नये म्हणून आधी त्याचे बदल घ्या." यांतलं एकही शिळं झालं नव्हतं. दोन, काय टाइप करायचं. यांतलीही बहुतेक टिकली होती, कारण गिट जुन्या कमांड सहसा मोडत नाही. तीन, काय होईल: "आपोआप मिसळतील", "फक्त चालू शाखा जाते", "मास्टर नावाची शाखा तयार होते". जे कुजलं होतं ते जवळपास सगळं या तिसऱ्या प्रकारातलं. आणि त्यातही जिथे आम्ही पर्याय न लिहिता गिटच्या मूळ वर्तनावर विसंबलो होतो, तिथलं.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा: शिकवायची कमांड पर्यायासकट लिहा. "गिट पुल करा" ऐवजी "गिट पुल --एफएफ-ओन्ली करा, थांबली तर पान १४ पाहा." "गिट पुश" ऐवजी "गिट पुश ओरिजिन आणि पुढे शाखेचं नाव." --एफएफ-ओन्ली २.२५.१ लाही कळतो आणि २.३४.१ लाही, आणि पुल.रीबेस बसवलेलं नसेल तर दोन्हीकडे एकसारखाच वागतो. शाखेचं नाव दिलेला पुश १.८.३.१ वरही तेवढीच शाखा पाठवतो. टाइप करायला चार अक्षरं जास्त लागतात, मुलं सुरुवातीला कुरकुरतात. चालेल.

बाकीची शिळी वाक्यं भराभर सांगते, तुमच्याकडेही असतील. "गिट ॲड बिंदू केल्यावर पुसलेल्या फाइली घेतल्या जात नाहीत": २.० पासून घेतल्या जातात. "मर्ज केल्यावर लगेच प्रॉम्प्ट परत येतो": २०१२ च्या १.७.१० पासून मर्ज कमिटच्या संदेशासाठी एडिटर उघडतो, नको असेल तर --नो-एडिट. "दोन स्वतंत्र रिपॉझिटरी मर्ज करता येतात": २०१६ च्या २.९ पासून इतिहासाचं मूळ एक नसेल तर नकार मिळतो, वेगळी परवानगी द्यावी लागते. "गिट स्टॅश सेव्ह": अजून चालतं, पण २०१७ पासून त्याची जागा स्टॅश पुशनं घेतलीय. "गिट पुश ओरिजिन मास्टर": शाखेचं नाव मेन असेल तर अशी शाखाच नाही म्हणून अडतं; सुरुवातीच्या शाखेचं नाव २.२८ पासून सेटिंगनं ठरवता येतं, त्यामुळे मास्टर गृहीत धरू नये.

याउलट, गिट चेकआउटनं शाखा बदलायची, हे वाक्य मी तसंच ठेवलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये २.२३ सोबत गिट स्विच आणि गिट रिस्टोअर आले तेव्हा "सगळी पुस्तिका बदलूया" असा आग्रह झाला होता. पण चेकआउटची वागणूक बदललेली नव्हती, आणि त्या दोन कमांडवर "प्रायोगिक" हा शिक्का कित्येक वर्षं होता. तो निघाला २०२५ च्या २.५१ मध्ये. नवं आलं म्हणून जुनं खोटं होत नाही. वागणूक बदलली तर लिखाण बदला, नुसती फॅशन बदलली म्हणून नको. आता आम्ही नव्या मुलांना स्विच शिकवतो आणि चेकआउटची एक ओळ खाली ठेवतो, कारण जुन्या मशिनवर स्विच नाहीच.

वाक्य वाचून तपासू नका, चालवून तपासा

तिसऱ्या प्रकारची जी वाक्यं ठेवणं भाग होतं, त्यांच्यासाठी दुसरा उपाय केला: प्रत्येक वाक्यामागे एक छोटी चाचणी. "शाखा फुटल्या असतील तर गिट पुल थांबते" या वाक्याची चाचणी कशी उभी राहिली ते जवळून दाखवते, कारण खाचखळगे इथेच आहेत.

रिकाम्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये "केंद्र" नावाची बेअर रिपॉझिटरी केली. तिचे दोन क्लोन (प्रती), "सावई" आणि "केरी". सावईत पहिला कमिट, पुश. केरीत पुल. मग सावईत दुसरा कमिट आणि पुश. केरीत, ते न घेताच, स्वतःचा वेगळा कमिट. शाखा फुटल्या. आता केरीत नुसतं गिट पुल.

पहिल्यांदा चालवली तेव्हा माझ्या लॅपटॉपवर पुल थांबलीच नाही, आणि चाचणी म्हणाली की वाक्य चूक आहे. कारण माझ्या वैयक्तिक कॉन्फिगमध्ये पुल.रीबेस आधीच बसवलेलं होतं. म्हणून चाचणीच्या सुरुवातीला होम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एका रिकाम्या फोल्डरकडे वळवायचा आणि मशीनपातळीवरचं कॉन्फिगही वगळायचं. २.३२ पासून वैयक्तिक कॉन्फिगची फाइल बदलणारा वेगळा व्हेरिएबलही आहे, पण जुन्या आवृत्त्यांना तो कळत नाही; होम वळवणं सगळीकडे चालतं. होम रिकामं केलं की नाव आणि ईमेलही जातात आणि कमिटच होत नाही, म्हणून ते दोन्ही चाचणीतच द्यायचे.

दुसरा खळगा शाखेच्या नावाचा. क्लोनमध्ये "मुख्य" नावाची शाखा केली आणि पाठवली, पण केंद्राचं हेड (चालू शाखा कुठली ते सांगणारी खूण) अजून मास्टरकडे बोट दाखवत होतं. त्यानंतर केलेला क्लोन रिकामाच उतरला. गिट इनिटला शाखेचं नाव देता येतं, पण तेही २.२८ पासून. म्हणून केंद्रात गिट सिंबॉलिक-रेफनं हेड आपणच वळवायचं.

तिसरी गोष्ट महत्त्वाची: निकाल कशावरून ठरवायचा. सुरुवातीला मी छापून आलेला संदेश जुळवत होते. गिटच्या सूचनांचे शब्द आवृत्तीगणिक बदलतात आणि मशीनची भाषा बदलली तर भाषांतरही होतं, त्यामुळे चाचणी उगाच पडायची. आता शब्द पाहत नाही, स्थिती पाहते: पुलच्या आधी आणि नंतर केरीचं हेड तेच आहे का, आणि कमांडचा निकाल-अंक (संपताना ती मागे ठेवते तो आकडा) काय. गिटनं थांबून नकार दिला की तो १२८ असतो. फाइलींची स्थिती हवी असेल तर गिट स्टेटस --पोर्सेलिन; ही मांडणी स्क्रिप्टसाठीच स्थिर ठेवलेली आहे.

हीच चाचणी डॉकरच्या डब्यांत (एकाच मशिनवर वेगवेगळ्या सिस्टिम बंदिस्त चालवायची सोय) चालवते: उबुंटू २०.०४, २२.०४, २४.०४, डेबियन ११, १२. जगातल्या सगळ्या आवृत्त्या नाहीत, आमच्या टेबलांवर आणि ग्राहकांकडे ज्या आहेत तेवढ्याच. डबा दर वेळी नव्यानं तयार करायचा, जुना वापरायचा नाही, म्हणजे आकडा तोच ठेवून आत शिरलेली सुरक्षा दुरुस्तीही सापडते. सगळ्या मिळून एकतीस चाचण्या झाल्यात, चहा होईपर्यंत संपतात. पुस्तिकेत त्या वाक्याखाली बारीक अक्षरांत येतं: कुठल्या आवृत्तीवर काय झालं, आणि तपासल्याची तारीख.

बदल येण्याआधी कसा कळेल

गिटचे सांभाळकर्ते जुनिओ हमानो २००५ पासून हे काम पाहताहेत, आणि प्रत्येक आवृत्तीसोबत बदलांचं टिपण येतं. गिटच्या सोर्समध्ये डॉक्युमेंटेशन फोल्डरात रेलनोट्स म्हणून ती सगळी ठेवलेली आहेत. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर "मागील आवृत्त्यांशी सुसंगती" या अर्थाचं शीर्षक असेल तेवढा भाग वाचा. ते बहुतेक सुरुवातीलाच असतं. ३.० मध्ये काय मोडणार याची यादीही त्याच फोल्डरात वेगळ्या फाइलीत आहे. नव्या रिपॉझिटरीचा हॅश (कमिटचा क्रमांक ज्यावरून बनतो तो) शा-१ ऐवजी शा-२५६ होणं त्यात आहे. पुस्तिकेत "चाळीस अक्षरांचा कमिट क्रमांक" असं कुठे लिहिलेलं असेल तर आत्ताच खूण करून ठेवा. आमच्यात दोन ठिकाणी निघालं.

एखादा बदल कधी झाला हे शोधायचं असेल तर गिटचाच सोर्स क्लोन करून त्या कमांडच्या मॅन्युअलच्या फाइलवर गिट लॉग -एस (कॅपिटल एस) आणि हवा तो शब्द द्या. कमिट सापडला की गिट टॅग --कंटेन्स, म्हणजे तो पहिल्यांदा कुठल्या आवृत्तीत आला ते कळतं. वरच्या बहुतेक आवृत्त्या मी अशाच पडताळल्या.

आणि मुलांना एक सवय लावा: वेबवर शोधण्याआधी गिट हेल्प पुल. मशिनवर बसवलेलं मॅन्युअल त्या मशिनवरच्या गिटसोबत आलेलं असतं. वेबवर पहिलं उघडतं ते सगळ्यात नव्या आवृत्तीचं. खुद्द गिटच्या सोर्समध्ये मॅन्युअलमधला वापराचा सारांश आणि कमांड -एच ला छापते तो सारांश जुळतो का, हे तपासणारी चाचणी आहे. पण तीही पर्यायांची यादीच जुळवते. "नुसती कमांड दिली तर काय होईल" हे वाक्य कोणीही आपोआप तपासत नाही, आणि नेमकं तेच वाक्य आपण भाषांतर करून पुस्तिकेत घेतो.

मराठी पुस्तिकेच्या खास अडचणी

आमच्याकडे बहुतेक मुलं घरी कोकणी बोलतात, पण लिहिणं-वाचणं मराठीत झालेलं. मराठीत लिहिलेलं एका वाचनात डोक्यात बसतं, म्हणून मी ही पुस्तिका मराठीत ठेवण्यावर ठाम आहे. पण भाषांतराची दोन पथ्यं पाळावी लागली. पहिलं, चुकीच्या संदेशाचं फक्त भाषांतर द्यायचं नाही. पडद्यावर जसा दिसतो तसा मूळ संदेश छापायचा आणि खाली मराठी अर्थ. आधी आम्ही नुसता अर्थ देत होतो. पडद्यावरची ओळ पुस्तिकेत शोधली तर मुलांना सापडायचीच नाही. दुसरं, परिच्छेद कुठल्या आवृत्तीच्या मॅन्युअलवरून उतरवला ते समासात लिहायचं. मूळ बदललं की त्यावरून उतरवलेलं कुठलं हे नाहीतर शोधायचं कसं?

शेवटची अडचण कागदाची. पुस्तिका दुरुस्त झाली तरी २०१८ ची स्पायरल बाइंडिंगची झेरॉक्स तीन टेबलांवर तशीच होती, आणि तिचीच पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होती. शिरोड्याच्या मुलाला मिळाली ती हीच. आता पुस्तिका कोडच्या रिपॉझिटरीतच आहे. वाक्य बदलायचं तर चाचणी बदलावी लागते, आणि चाचणी पडली तर पुस्तिका छापली जात नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख येते आणि "सहा महिन्यांहून जुनं पान वापरू नये" ही ओळ. जुन्या झेरॉक्स मी स्वतः गोळा केल्या.

एक कोपरा अजून उघडा आहे. दोन लॅपटॉप विंडोजवर आहेत. गिट फॉर विंडोज बसवताना इन्स्टॉलरच विचारतो की पुल कशी वागावी, ओळींच्या शेवटाचं काय करावं. निवडलेलं उत्तर मशीनपातळीच्या कॉन्फिगमध्ये जातं. म्हणजे आवृत्ती एक, वैयक्तिक कॉन्फिग रिकामं, तरी दोन लॅपटॉप दोन तऱ्हांनी वागतात, आणि माझ्या डॉकरच्या डब्यांत हे दिसत नाही. म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या दोन्ही लॅपटॉपवर, मशीनपातळीचं कॉन्फिग न वगळता, एकतीसच्या एकतीस चाचण्या हातानं चालवते. गेल्या शनिवारी शिरोड्याचा मुलगा शेजारी बसला होता. सतरावी चाचणी पडली, ओळींच्या शेवटामुळे. "ताई, हे वाक्य मी लिहू?" म्हणाला. त्यानंच लिहिलं, खाली तारीख टाकली.